पेठेतून उचललेलं नाव

"नाव बापानं ठेवलंय, का दुकानदारानं?"

छापखान्यात नवा मजकूर आला की आमचे कंपॉझिटर मामा आधी हे विचारायचे. कागद हातभर लांब धरायचे, मथळा वाचायचे आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघायचे. बापानं ठेवलेलं नाव मायेनं ठेवलेलं असतं. दुकानदारानं ठेवलेलं नाव गिऱ्हाइकाकडे बघून ठेवलेलं असतं. मामांच्या लेखी जगातल्या सगळ्या नावांचे हे दोनच प्रकार होते.

त्यांचं स्वतःचं नाव मी इथे लिहिणार नाही. नावांशी एकदा खेळून बसलो आहे, आता त्यांच्या नावाला तरी हात लावू नये असं वाटतं.

तीस सालाच्या आगेमागे मी सोलापुरात एका लहान छापखान्यात प्रुफं तपासायला होतो. लोक मोडकातोडका मजकूर आणत आणि मी तो नीट लिहून देई. शाळेत मी एक दिवसही शिकवलं नव्हतं, तरी सगळे मला मास्तर म्हणत, आणि मला ते आवडे. मामा माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठे. तेलुगू विणकराच्या घरचे. लहानपणी डावा पाय भाजून आखडला होता. खड्डामागावर बसणाऱ्याला दोन्ही पाय खड्ड्यात सोडून फळ्या दाबाव्या लागतात. ते जमेना, म्हणून बापानं त्यांना छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला धाडलं. धाकटा भाऊ घरचा माग चालवी. मामा घरी तेलुगू बोलत, छापखान्यात मराठी आणि रंगाऱ्यांच्या गल्लीत दखनी. तिन्ही भाषा मिळून बोलत मात्र थोडंच.

एकदा एक वैद्य 'यमपराभव काढा' अशी जाहिरात घेऊन आले. मजकूर सांगता सांगता बिचाऱ्यांना खोकल्याची मोठी उबळ आली. मामा खिळ्यांच्या घरांवरून नजर न काढता म्हणाले, "वैद्यबुवा, येक बाटली घरी ठिवा की." वैद्यबुवा आधी रागावले, मग हसले, आणि मग परत खोकले.

म्युनिसिपालिटीच्या निवडणुका आल्या की मंडळांचं पीक येई. छापून झालं की खिळे सोडून आपापल्या घरात परत टाकायचे असतात. पण काही शब्द मामा सोडत नसत. सुतळीनं बांधून फळीवर ठेवत. 'सेवा', 'हित', 'रक्षक', 'बांधव'. "परत लागत्यात की," म्हणत. मोठ्या भित्तिपत्रकासाठी लाकडी अक्षरं लागत आणि ती आमच्याकडे फार नव्हती. एका आठवड्यात दोन मंडळांनी एकमेकांची डोकी फोडली आणि दोघांनीही आपापल्या नव्या नावात 'शांतता' घातली. दोघांचे लोक एकाच दिवशी छापखान्यात आले. मामा म्हणाले, "शांतता येकच हाय आपल्याकडं, मास्तर. सकाळी ह्येंना देतो, दुपारी त्येंना."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. हातानं काम करता करता त्यांना जगाचं असं काही कळून जातं, जे आमच्यासारख्या पुस्तकं वाचणाऱ्यांना कळत नाही. मामांना मथळ्यावरून माणूस कळे. "ज्येला मारायचं असतंय त्यो 'रक्षक' म्हनवतो," ते म्हणत. "नुसतं बसायचं असतंय त्यो 'क्रांती' म्हनतो. त्येला भिऊ नका."

आणि मग चिटणीस आले.

चांगले शिकलेले गृहस्थ. पांढरंशुभ्र धोतर, हळू आवाज, बोटात एकच अंगठी. त्यांनी एक दल काढलं होतं, 'खड्गधारी दल'. त्यांचा कार्यक्रम एकच होता. विणकरांच्या पेठेला लागून मुसलमान रंगाऱ्यांची गल्ली होती. पेठेतलं सगळं सूत तिथे रंगायला जाई. त्या रंगाऱ्यांना तिथून हुसकावून लावायचं. मामांनी मथळा जुळवला, बांधून फळीवर ठेवला आणि एवढंच म्हणाले, "ह्ये तरी खरं नाव हाय."

दल काही चाललं नाही. पेठेत हँडबिलं वाटली, ती चुलीत गेली. सभेला माणसं आली ती कुस्ती आहे असं समजून. तासभर भाषण ऐकून एकानं विचारलं म्हणे, "जोड कवा लागायची?"

महिन्याभरानं चिटणीस पुन्हा आले आणि या वेळी थेट माझ्या टेबलाशी बसले. म्हणाले, "मास्तर, आमचं नाव चुकलं. नावात आम्ही काय करणार ते सांगितलं. लोकांना ते नको असतं. नाव असं हवं की त्याला नाही म्हणताना माणसाला स्वतःचीच लाज वाटावी. तुमचा भाषेचा अभ्यास आहे. सुचवा ना."

तुमचा भाषेचा अभ्यास आहे. तोवर हे वाक्य मला कुणी म्हटलं नव्हतं. मालक मला पानात राहिलेल्या चुका दाखवत आणि गिऱ्हाइकं उशिराबद्दल बोलत. हा सुशिक्षित माणूस माझ्याकडे शब्द मागत होता. मी 'बंधुभाव' सुचवलं, 'कल्याण' सुचवलं. ते मान हलवत. "हे सगळे वापरतात. पेठेतले लोक वेगळे आहेत. त्यांच्या घरातला शब्द द्या."

तो शब्द माझ्याजवळ होता. त्याच आठवड्यात मामांनी तो मला दिला होता.

झालं असं होतं की मामा कधी नव्हे ते उशिरा आले होते. कारण विचारलं तर म्हणाले, "सायम होतं." सायम म्हणजे तेलुगूत मदत. पण त्यांच्या पेठेत त्याला एक ठरलेला अर्थ होता. एखाद्या घरचा विणकर आजारी पडला किंवा गेला आणि मागावर लुगडं अर्धं राहिलं, तर शेजारचे विणकर एकेक करून येतात. प्रत्येकानं हातभर विणायचं आणि उठायचं. असं करत लुगडं पुरं होतं आणि वेळेवर व्यापाऱ्याकडे जातं. कुणी कुणाला बोलवत नाही. माग थांबल्याचं गल्लीला ऐकू येतंच. पदराचं सूत कमी पडलं तर रंगारी आणून देतो. त्याचं तेवढंच सायम. मामांना विणता येत नव्हतं, तरी ते जात आणि धोट्यातल्या कांड्यांवर सूत भरून देत.

"आमच्याकडं कुनी न्हाय म्हनत न्हाय बगा सायमाला," ते सांगत होते. "भांडन असलं तरी. भांडन दाराबाहेर ठिवायचं, आत यायचं, हातभर विनायचं, जाताना भांडन उचलून न्यायचं."

मी चिटणिसांना म्हटलं, "'सायम मंडळ' कसं वाटतं?"

त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला. त्यांनी तो शब्द दोनदा पुटपुटून पाहिला. मग माझा हात हातात घेऊन म्हणाले, "मास्तर, हे तुमचं देणं आम्ही विसरणार नाही." त्यांच्यासमोरच मी पहिल्या हँडबिलाचा मजकूर लिहून दिला. त्यात रंगाऱ्यांचा उल्लेख नव्हता, खड्गाचा नव्हता. 'ज्यांचे माग थांबतात त्यांच्यासाठी' अशी सुरुवात होती. मला ती फार आवडली होती. खरं सांगायचं तर आजही ती वाईट सुरुवात वाटत नाही, आणि हेच सगळ्यांत वाईट आहे.

दुपारी कागद मामांकडे गेला. त्यांनी तो लांब धरला आणि कितीतरी वेळ तसाच धरून ठेवला. नेहमीचा प्रश्न विचारला नाही. अक्षर माझं होतं.

"मास्तर, ह्ये आमचं हाय. ह्ये छापायचं नसतंय."

"अहो मामा, चांगल्या गोष्टीचं नाव व्हायला नको का?"

"कुनाचं मंडळ हाय ह्ये?"

मी चिटणिसांचं सांगितलं. लपवणार कसं? मामांनी त्यांना टेबलाशी बसलेलं पाहिलंच होतं. "माणसं बदलतात," असंही काहीतरी म्हणालो. मामांनी कागद खाली ठेवला.

"रंगाऱ्यांची नावं घेतील का सभासदात? आमच्या सायमात त्ये असत्यात."

"घेतील की," मी म्हटलं.

मी चिटणिसांना हे विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर काय उत्तर आलं असतं ते मला ठाऊक होतं. मालक आतून काम कुठवर आलं म्हणून ओरडत होते आणि माझा शब्द मोठ्या अक्षरांत बघायची मला घाई झाली होती. 'घेतील की' म्हणायला क्षणभरही लागला नाही. त्या दोन शब्दांत मी आजवर अडकून पडलो आहे.

मामांनी माझ्यावर विश्वास ठेवला. मथळा जुळवला. पेठेत लोकांनी त्यांना विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं, "आमच्या मास्तरांनी शब्द दिलाय." पेठेत छापील मजकूर वाचू शकणारी माणसं थोडी होती आणि मामांनी कधी थाप मारली नव्हती. पंधरा दिवसांत जवळजवळ प्रत्येक मागाचा अंगठा मंडळाच्या वहीत उमटला. पहिली सही मामांची होती.

संध्याकाळी घरी जाताना मी वाट वाकडी करून पेठेतून जाई. भिंतीभिंतींवर तो शब्द असे. म्हाताऱ्या बायका दारात बसून नातवंडांकडून तो वाचून घेत आणि हसत. आपली घरातली भाषा भिंतीवर आली याचंच त्यांना कौतुक. मी त्यांच्याकडे बघत चालत असे. मी तेव्हा सुखी होतो, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

दुसरं हँडबिल सुगीच्या सुमारास छापायला आलं. ते मी लिहिलेलं नव्हतं. त्यात दोनच वाक्यं होती. मंडळाच्या सभासदांनी रंगाऱ्यांच्या गल्लीत सूत देऊ नये. जो देईल त्याच्या मागावर कुणी सायम करणार नाही.

मामांनी ते जुळवलं नाही. कागद माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि उभे राहिले. त्यांच्या मागोमाग दारात त्यांचा मित्र उभा होता, त्या गल्लीतला एक रंगारी. कोपरापर्यंत हात निळे. त्याच्या हातावरचा निळा रंग ईदलासुद्धा निघत नाही असं मामा थट्टेनं म्हणत. त्या दिवशी तो थट्टेत नव्हता.

"क्या मास्तर," तो म्हणाला, "हमारे बिना सायम हुआ कब? अब हमारेकूच नक्को बोलते?"

मामा म्हणाले, "मास्तर, ऐतवारी पेठेची बैठक हाय, देवळाच्या ओट्यावर. तुमी या. तुमी सांगा की ह्ये तेच खड्गवाले हायत, तोच मानूस हाय, नाव तेवढं तुमी दिलंय. मी सांगितलं तर म्हनतील, तूच तर छापलंस, तूच पयली सही केलीस. तुमचं ऐकतील."

"येतो," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

शनिवारी चिटणीस छापखान्यात आले. मालकांशी बोलले, नंतर माझ्याशी. त्यांनी धमकी दिली नाही. खिशातून पहिल्या हँडबिलाचा कागद काढला, माझ्या अक्षरातला. "हा मी जपून ठेवलाय," ते म्हणाले. "मंडळाचं नाव कुणी ठेवलं असं कुणी विचारलं, तर मी अभिमानानं दाखवीन." इतकंच बोलून कागद घडी करून परत ठेवला. मालकांनी आतून म्हटलं, "मास्तर, उद्या कुठं जायचं काम नाही हो तुम्हाला. रविवारी विश्रांती घ्या."

रविवारी मी घरी बसून राहिलो. बायकोला अंगात कणकण आहे असं सांगितलं. तिनं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि आत गेली. बैठकीची वेळ आली आणि गेली. मी दाराकडे बघत होतो. ओट्यावर पोचायला पाऊण तास लागला असता. अर्ध्या तासानं मी मनाशी म्हटलं, आता गेलं तरी उपयोग नाही. आणखी अर्ध्या तासानं तेच म्हटलं.

सोमवारी मामा वेळेवर आले. मी सबब सांगायला तोंड उघडलं, तर त्यांनी हातानंच राहू द्या म्हटलं.

"लोकांनी इच्यारलं, मास्तर कुटं हायत?" ते म्हणाले. "मी म्हनलं, येत्यात. लई वेळ तसंच म्हनत होतो की." मग खिळ्यांच्या घरांकडे वळून म्हणाले, "माझं नाव काडून घेतलं मी वहीतनं."

त्या आठवड्यात भर दुपारी रंगाऱ्यांच्या गल्लीत रंगाचे रांजण फुटले. गटारातून निळं-लाल पाणी वाहत पेठेपर्यंत आलं. फोडणारे पेठेतले थोडेच होते, बाहेरचे जास्त. पण हातात फलक मंडळाचा होता. मामांचा मित्र बायकामुलं घेऊन होटगीला मेहुण्याकडे निघून गेला. मामांनी कामाखेरीज माझ्याशी बोलणं सोडलं. रागानं नव्हे. रागावलेल्या माणसाशी मी काहीतरी बोलू शकलो असतो.

थंडीत मामांच्या भावाला विषमज्वर झाला. मागावर लग्नाचं लुगडं अर्धं होतं, तांबड्या काठाचं. चार दिवस माग बंद होता आणि गल्लीतल्या प्रत्येक घराला ते ऐकू येत होतं. मामांचं नाव आता वहीत नव्हतं, म्हणून कुणी आलं नाही. समोरच्या घरातला म्हातारा रोज दारात येई, उंबऱ्यावर थांबे आणि आत जाई. पुढे मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा मामांच्या भावजयीनं मला हे उंबऱ्यातच सांगितलं. म्हणाली, "यायचं लई होतं त्याला. मुलानं अंगठा दिलेला की."

पाचव्या दिवशी चिटणिसांनी मला बोलावलं. "तुमच्या कंपॉझिटरच्या घरी अडचण आहे म्हणे. त्यांनी नाव पुन्हा घालावं. उद्या सकाळी दहा माणसं मागावर येतील. तुम्ही सांगा, तुमचं ते ऐकतात."

आणि मी गेलो. बैठकीला मला जाता आलं नव्हतं. हा निरोप घेऊन मात्र गेलो. मनाला म्हटलं, मामांचंच भलं आहे यात.

मामा मागाच्या खड्ड्याच्या काठावर बसले होते. चांगला पाय आत सोडलेला, आखडलेला बाहेर. हातात धोटा. एका पायानं ते फळ्या दाबून बघत होते. दोन बोटांएवढं विणलं होतं आणि ते वाकडं होतं. आत भाऊ कण्हत होता. मी निरोप सांगितला. त्यांनी तो पुरा ऐकून घेतला.

"मग रंगाऱ्याला होटगीवरनं बोलावतो," ते म्हणाले. "पदराला सूत कमी हाय. त्यो आला तर चालंल का मंडळाला?"

मी खाली बघत राहिलो.

"बोला की मास्तर. 'चालंल की' म्हना."

मला ते दोन शब्द म्हणता आले नाहीत. मामांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत तिरस्कार असता तर बरं झालं असतं. होती ती दया. मग भावजयीला हाक मारून ते तेलुगूत काहीतरी बोलले. ती कात्री घेऊन आली आणि दारात थबकली. अर्धं लुगडं मागावरून कापत नाहीत त्यांच्यात. मेलेल्या माणसाच्या मागावरचंसुद्धा पुरं करतात. मामांनी तिच्या हातातून कात्री घेतली आणि माझ्यासमोर ताण्याची उभी सुतं कापली. सुतांचा आवाज पाऊस थांबता थांबता होतो तसा झाला. शेवटची चार-दोन सुतं त्यांनी हातानंच तोडली.

भाऊ बरा झाला, नशीब. आठवड्याभरात मामांच्या घरची सगळी माणसं सोलापूर सोडून गेली. वैरागला गेली असं कुणी म्हणालं, कुणी आणखी पुढे. छापखान्यात मामा शेवटच्या दिवशी नेहमीसारखे आले, सगळे बांधून ठेवलेले शब्द सोडून खिळे आपापल्या घरात टाकले आणि गेले. माझा निरोप घेतला नाही. मालकांचा घेतला.

मी त्यांच्या घरी गेलो तो त्यानंतर दोन-तीन दिवसांनी. घर उघडंच होतं. माग सोडवून नेला होता. जमिनीत खड्डा तेवढा राहिला होता, कडा पायांनी गुळगुळीत झालेल्या. का ते सांगता येत नाही, पण मी त्याच्या काठावर बसलो आणि दोन्ही पाय आत सोडले. माझे दोन्ही पाय चांगले आहेत. खाली माती थंड होती. मी तसाच बसून राहिलो. उठलं पाहिजे हे कळत होतं.

तेवढ्यात दारात सावली पडली. पेठेतलाच एक तरुण विणकर होता. मला ओळखून त्यानं वाकून नमस्कार केला.

"मास्तर ना तुमी? छापखान्यातले?" तो म्हणाला. "चिटणीससायबांनी काल सभेत सांगितलं, मंडळाचं नाव तुमी ठेवलं म्हनून. लई ब्येस नाव ठेवलंत. आयकलं की आपलंच वाटतंय."

तो उत्तराची वाट बघत हसत उभा राहिला. मी खड्ड्यातून वर त्याच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. होय, मीच ठेवलं, अशी.